मी खाल्ली नव्हती

भांगेपासून औषधं बनवणारी बाई म्हटलं की लोक आधी हसतात. मग जरा जवळ सरकून विचारतात, "आणि तुम्ही स्वतः घेता का हो?" मी नाही म्हणते. ते "बरं बरं" म्हणतात आणि हळूच माझ्या डोळ्यांत बघून घेतात. त्या बघण्याचं मला आता काही वाटत नाही. माझ्या वडिलांनी माझ्याकडे वर्षभराहून जास्त काळ तसंच बघितलंय.

मी हे लिहिते आहे ते एका विशिष्ट घरासाठी. त्या घरात कुणीतरी बोलता बोलता मध्येच थांबतं, एकटक बघत राहतं, ओठ चाटतं, पदराशी नाहीतर शर्टाच्या बटणाशी चाळा करतं आणि थोड्या वेळाने विचारतं, "काय झालं?" अशा घरात प्रत्येकाकडे आपापलं उत्तर तयार असतं. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं नाटकं करते. आमच्या घरातलं उत्तर तिसरंच होतं, कारण आमचा धंदाच तसा होता.

दुकान

पंचवटीत, मालेगाव स्टँडकडून रामकुंडाकडे उतरताना एका बोळात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, दुकान होतं. पुढे ठंडाईचा मसाला आणि पाचक चूर्णं, मागे भांग. भांगेचा सरकारी परवाना होता. सील केलेली पोती यायची, एक्साइजचा माणूस येऊन तपासून जायचा, आणि अण्णा त्याला चहा पाजताना स्वतः मात्र ताठ उभे राहायचे. आमच्याइतका सरळमार्गी माणूस अख्ख्या गल्लीत नव्हता, पण मला शाळेत 'भांगवाल्याची नंदा' म्हणत, त्याला इलाज नव्हता.

मागच्या अंधाऱ्या खोलीला आम्ही कोठी म्हणत असू. तिथे पाला भिजत घालायचा, मग फडक्यात बांधून पाण्याखाली पिळत राहायचं. आधी पाणी गडद हिरवं येतं. ते नितळ येईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग पाला सावलीत वाळवून तुपात परतायचा, नाहीतर शिवरात्रीसाठी दगडावर ओलाच वाटायचा. ओली भांग वाटतानाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. तो हिरवा असतो, थोडा कडू आणि थोडा माणसाच्या घामासारखा. सटाण्याकडून आलेली वेणूबाई आणि मी हे काम करत असू.

बी. एस्सी. झाल्यावर माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. अण्णांचं झोपेचं चूर्ण आणि सांधेदुखीचं तेल पुड्यांतून आणि जुन्या बाटल्यांतून न विकता, नीट परवाना काढून, छोट्याशा कारखान्यात का बनवू नये? अण्णांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाले, "शिवरात्र होऊ दे. कोठीची किल्ली तुझ्याकडे देतो. मग काय करायचं ते कर." ते किल्ली देतो म्हणाले, म्हणजे सगळंच देतो म्हणाले. मी त्या दिवशी आनंदाने जेवलेच नाही.

त्यांची अट एकच होती. जो हात लावतो त्याने चाखायची नाही. या अटीमागे त्यांचे थोरले भाऊ, आमचे अप्पाकाका, होते. मला आठवतही नाहीत ते. दुकान मूळ त्यांचं. ते खायला लागले आणि वाया गेले, शेवटी अण्णांनी त्यांना घराबाहेर काढलं, मग कुणाला तरी मनमाडच्या स्टेशनात दिसले, आणि त्यानंतर कुणालाच दिसले नाहीत. एवढंच मला आईने एकदा सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं की अण्णांसमोर नाव काढू नकोस.

बँकेत

पहिल्यांदा झालं ते बँकेत. कर्जाची चौकशी करायला कॉलेज रोडला गेले होते. रांगेत उभी असताना ओल्या भांगेचा वास आला, इतका जवळून की मी पिशवी उघडून पाहिली. पिशवीत छत्री होती. मग पोटातून काहीतरी वर चढत आलं, आणि मला खात्री झाली की हे सगळं आधी एकदा घडलेलं आहे. हीच रांग, हाच पंखा, आणि आता मागचा माणूस माझ्या जवळ सरकणार. तो सरकला. त्याचा श्वास माझ्या कानापाशी लागत होता. उंच माणूस असावा. मी चिडून मागे वळले.

मागे कुणी नव्हतं. रांगेत शेवटची मीच होते.

त्यानंतरचं मला माहीत नाही. एकदम मी खुर्चीत होते आणि वॉचमन पाण्याचा ग्लास धरून उभा होता. उन्हाने झालं असेल म्हणून मी घरी आले आणि कुणाला बोलले नाही.

दुसऱ्यांदा दुकानात झालं. यावेळी शुद्धीवर आले तेव्हा तोंडात चिंच होती. आमच्या धंद्यात हे पोरासोरांनाही माहीत असतं. चढली की आंबट द्यायचं. चिंच, लिंबाचं लोणचं, आंबट ताक. अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी माझा हात उचलला, बोटं नाकाशी नेली आणि वास घेतला. सकाळपासून पाला पिळणाऱ्या बोटांना दुसरा कुठला वास येणार?

"अण्णा, मी खाल्ली नाही."

माझं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, मी काहीतरी भलतंच बोलून गेले.

किल्ली

शिवरात्र झाली. किल्ली अण्णांच्या जानव्यालाच राहिली.

त्यांची चूक होती असं मी आज म्हणत नाही. जन्मभर गिऱ्हाइकं पाहिलेला माणूस तो. टक लावणं, कोरडे ओठ चाटणं, मध्येच वेळ हरवणं, आणि वर "मला भांगेचा वास येतोय" हे स्वतःच सांगणं. दुसऱ्या कुठल्याही घरात मला वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घरात सगळे जाणकार होते.

अण्णांनी माझं दुकानात येणं बंद केलं. आईने दृष्ट काढली, वणीच्या देवीला नवस बोलली आणि मला सांगितलं, "तुझ्या बाबतीत हे बाहेर कळलं ना, तर येणारी स्थळंसुद्धा बंद होतील." दोन स्थळं तशीही दुकानाची पाटी वाचूनच परत गेली होती, पण आईला ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

घरी बसूनही वास येतच राहिला. गंमत म्हणजे आता हात साबणाने धुतलेले असायचे. अण्णा बोटं हुंगायचे, गोंधळायचे, आणि मग माझी ट्रंक उपसायचे. एकदा त्यांनी माझी उशी उसवली. मी दारात उभी राहून बघत होते. कापूस सगळ्या खोलीभर झाला, त्यात काही नव्हतं, आणि रडू मला नाही, आईला आलं.

सगळ्यात भीती कशाची वाटायची सांगू? मी खात नाही याची मलाच खात्री वाटेनाशी झाली. मध्येच पाच-सात मिनिटं कापून नेल्यासारखी जात होती. त्या मिनिटांत माझे हात काय करतात हे मला कुठे माहीत होतं? कदाचित मी उठत असेन, जात असेन, खात असेन. आणि तो मागचा माणूस हे सगळं बघत असेल. कारण तो दर वेळी येत होता. आधी वास, मग तो. बोलायचा नाही, हात लावायचा नाही. नुसता उभा, कानाच्या उंचीवर श्वास घेत. मला त्याची भीती वाटायची हे खरंच, पण त्याहून जास्त असं वाटायचं की तो कधीचा ताटकळला आहे.

वेणूबाई निरोप द्यायला घरी आली तेव्हा एकदा तो आला. मी तिचा हात धरून विचारलं, "माझ्या मागे कोण आहे बघ."

तिने वाकून नीट बघितलं. "मांगे कोनीच नही शे, ताई," ती म्हणाली. पण जाताना ती माझ्या मागच्या जागेला वळसा घालून गेली.

डॉक्टरबाई

एका सकाळी मी चहा टाकत असताना पडले. यावेळी नुसतं टक लावणं नव्हतं, सगळं अंग झटके देत होतं आणि तोंडातून रक्त आलं. अण्णांनी मला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्याच डॉक्टरला त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "भांग खाते."

मग काय, मला सलाइन लावून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकलं. नर्स आली तीही माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नातेवाइकांना सांगून आपली खाट जरा लांब सरकवली.

संध्याकाळी एक वयस्कर डॉक्टरबाई फेरीला आल्या. केस पेपर वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "तू खाल्लीस का?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी हुंगलं होतं, शोधलं होतं, चिंच कोंबली होती.

"नाही," मी म्हटलं.

"बरं. मग काय होतं ते मला सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. वास, पोट, मागचा माणूस, सगळं. त्या मध्ये एकदाही हसल्या नाहीत. आजारपणात कुणी तुमचं ऐकून नुसतं 'बरं' म्हणालं तर त्याने किती हलकं वाटतं, हे तुम्हाला त्या खाटेवर पडल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला तारा लावून तपासणी झाली. मग स्कॅन. तिसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना आणि मला आत बोलावून काचेवर फिल्म लावली. राखाडी मेंदूत एका बाजूला पांढरा ठिपका होता, वाटाण्याएवढा.

"ही गाठ आहे. औषधाने विरघळण्यासारखी आहे, घाबरू नका. हिच्यामुळे फिट येतात. याला मिरगीच म्हणायचं, फक्त ही मुलगी दर वेळी पडत नाही म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. वास ओळखण्याची जागा इथे जवळच आहे, म्हणून नसलेला वास येतो."

"भांगेचाच का?" अण्णांनी विचारलं.

"ते मला कसं सांगता येईल? कुणाला जळकट येतो, कुणाला कसला. हिला जो ओळखीचा तो येत असेल."

अण्णांनी पुढे वाकून त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आणि हिच्या मागे कुणीतरी उभं असतं म्हणते, ते?"

"तेही त्यातच. पुष्कळांना वाटतं तसं."

"ते टक लावणं, ओठ चाटणं. नंतर 'मी खाल्ली नाही, मी खाल्ली नाही' म्हणणं?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एवढं काही म्हणाले नव्हते.

"अप्पा म्हणायचा," अण्णा म्हणाले. "माझा भाऊ. पोत्यावर बसून असंच करायचा. मागे कोण आलंय बघ, म्हणायचा. मी त्याची बोटं हुंगायचो." त्यांनी स्वतःचा हात नाकाशी नेला आणि तसाच खाली घेतला. "डॉक्टर, त्याला पण हेच होतं का?"

"आता कसं सांगणार? तो माणूस समोर नाही."

"समोर नाही," अण्णा म्हणाले. ते उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवून ठेवली आणि बाहेर गेले.

नितळ पाणी

तारा चिकटवायला लावलेला तो चिकट लगदा केसांत वाळून बसला होता. आई कंगव्याने ओढत होती आणि मी ओरडत होते. तेवढ्यात अण्णा शिकेकाईची पुडी घेऊन आले. दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. मला खाली वाकवून त्यांनी स्वतः माझे केस धुवायला घेतले. आई तांब्याने पाणी घालत होती. येणारेजाणारे बघत होते, कारण पंचवटीतला तो करारी माणूस मोठ्या मुलीचे केस चोळतोय हे दृश्य काही रोजचं नव्हतं.

त्यांचे हात पाला धुवावा तसेच चालत होते. पिळायचं, सोडायचं, परत पिळायचं. लगदा केव्हाच निघाला होता. आई म्हणाली, "अहो, झालं आता."

"पाणी नितळ नाही आलं अजून," अण्णा म्हणाले. मी वाकलेलीच राहिले, म्हणून मला त्यांचं तोंड दिसलं नाही आणि त्यांनाही माझं दिसलं नाही. बरं झालं.

घरी गेल्यावर त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. माफी वगैरे त्यांना जमणारी गोष्ट नव्हती. त्या आठवड्यात ते मनमाडला जाऊन आले. स्टेशनात, धर्मशाळेत, गुरुद्वाऱ्यात विचारून आले. इतक्या वर्षांनी कोण काय सांगणार?

कारखाना

गाठ विरघळली. फिटच्या गोळ्या मात्र राहिल्या. काही वर्षं वास आला नाही, मागेही कुणी आलं नाही. लग्नाचं मीच बाजूला ठेवलं, आणि आईने हळूहळू ठेवू दिलं.

दोन हजार साल उलटल्यानंतर अंबडच्या एमआयडीसीत मी एक छोटा गाळा घेतला. औषधाचा परवाना, एक्साइजचा परवाना, त्यांच्या साहेबांच्या फेऱ्या, हे सगळं सांगत बसले तर दुसरं आजारपण होईल. बँकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, भांगेचा कारखाना म्हणजे मी वर काय लिहू?" मी म्हटलं, "औषधाचा लिहा, तेच खरं आहे." दवाखान्यात दुखण्याने रात्र रात्र न झोपणारी माणसं मी पाहिली होती. झोपेचं चूर्ण त्यांच्यासाठी होतं. मला स्वतःला त्यातली चिमूटही डॉक्टरबाईंनी मना केली होती. म्हणजे मी माझ्याच मालाची चव न घेतलेली मालकीण आहे.

फक्त एक अडचण होती. माझी धोक्याची घंटा म्हणजे भांगेचा वास, आणि मी दिवसभर काम करणार त्याच वासात. वास खरा की डोक्यातला, हे मला कळणार कसं? म्हणून आम्ही एक पद्धत ठेवली. मी विचारायचं, "वास येतोय का?" आणि जो कुणी जवळ असेल त्याने खरं सांगायचं. धीर द्यायला म्हणून खोटं बोलायचं नाही. वेणूबाई दिवसातून दहादा सांगायची, "येई राहिना ना ताई, येई राहिना," म्हणजे येतोच आहे, आणि मी परत कामाला लागायचे.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर एवढंच करा. विचारलं की खरं सांगा. फिट आली तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही कोंबू नका. चिंच तर नकोच.

दुपार

लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी वीज गेली की मशीन थांबायचं आणि सगळे जेवायला बाहेर पडायचे. त्या दिवशी माल संपलेला होता, नवीन पोती यायची होती, भांडी धुऊन पालथी घातली होती. आत मी आणि अण्णा दोघंच होतो. ते आता थकले होते. गुडघे गेले होते, तरी रोज येऊन दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे.

मला वास आला. ओल्या भांगेचा, आत्ता वाटल्यासारखा.

"अण्णा, वास येतोय का?"

त्यांनी मान वर करून हवा हुंगली. घाई केली नाही. "नाही," ते म्हणाले.

ते उठून आले, मला टेबलाच्या कोपऱ्यापासून दूर नेलं आणि रिकाम्या पोत्यांवर बसवलं. माझा हात हातात घेतला. पोटातून ते चढायला लागलं होतं.

"मागे आलाय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तो आला होता. इतक्या वर्षांनी तसाच, वरून श्वास सोडत, ताटकळलेला.

अण्णांनी माझा हात सोडला. लंगडत जाऊन त्यांनी आपली खुर्ची उचलली, ओढली नाही, उचलून आणली, आणि माझ्या मागे ठेवली. मग समोर येऊन माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "बस, अप्पा. किती वेळ उभा राहशील? तू खाल्ली नव्हतीस रे. मला फार उशिरा कळलं."

मागे प्लॅस्टिक करकरलं. मला ते ऐकू आलं, आणि नंतर काही नाही.

जागी झाले तेव्हा तोंडात आंबट नव्हतं. वेणूबाई जेवून परत आली होती. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, पाय थरथरत होते त्यांचे. खुर्ची माझ्या मागे रिकामी होती.

"अण्णा, तुम्ही उभे का? बसा ना खुर्चीवर," वेणूबाई म्हणाली.

"राहू दे," अण्णा म्हणाले. ते संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत बसले नाहीत.

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि गोळी वाढवली. मी ती आजही न चुकता घेते, तुम्हीही घेत जा. अण्णा पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर मला दोनदाच वास आला. दोन्ही वेळा मी टेबलाशी उभी होते, आणि मागे तो होताच. पण श्वास कानापाशी लागत नव्हता. खालून, कमरेजवळून येत होता, खुर्चीत बसलेल्या माणसाचा येतो तसा.